दुरंगी आयव्ही : पाणी बेताचं, गारवा भरपूर

उटी, महाबळेश्वर नाहीतर सिमल्याची सहल आटोपून परतताना पुष्कळ घरांत एक छोटीशी कुंडी हमखास येते. कुंडीत असते एक नाजूक वेल. पानं रुपयाच्या नाण्याएवढी, मध्ये हिरवी आणि कडेला पांढरी किंवा फिकट पिवळी. नर्सरीवाला नाव सांगतो, ‘आयव्ही’. दिवाळीपासून होळीपर्यंत ती दिवाणखान्याच्या खिडकीत डौलानं लोंबत राहते. मग एप्रिल उजाडतो. पानांची तकाकी जाते, कडा करपतात. घरातल्यांना वाटतं, पाणी कमी पडतंय. सकाळ-संध्याकाळ कुंडीत तांब्या रिकामा होऊ लागतो आणि मृगाचा पाऊस पडण्याआधीच कुंडीत नुसत्या काड्या उरतात. ‘आमच्या हाताला झाडंच लागत नाहीत,’ असं म्हणून गृहिणी ती कुंडी गच्चीवर नेऊन ठेवते.

दोष हाताचा नसतो. आयव्हीला आपण मनी प्लांटसारखं वागवतो, तिथेच चूक होते. मनी प्लांट हे उष्ण, दमट बेटांवरचं झाड. आयव्ही थंड प्रदेशातली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती तहानेनं क्वचितच मरते. बहुतेक वेळा ती उकाड्यानं थकते आणि त्या थकलेल्या अवस्थेत ओल्या मातीत तिची मुळं कुजतात. एवढं लक्षात ठेवलं तर ही वेल मैदानी शहरांतल्या घरांतही टिकवता येते.

ओळख आणि गोत्र

या वेलीचं शास्त्रीय नाव हेडेरा हेलिक्स. १७५३ मध्ये लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं ते दिलं. मूळ ठिकाण युरोप आणि पश्चिम आशिया. आपल्या ओळखीतला छत्रीसारख्या पानांचा शेफ्लेरा तिच्याच कुळातला. तिची एक सख्खी बहीण तर भारतातच आहे. हेडेरा नेपालेन्सिस ही हिमालयातली आयव्ही काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड ते नेपाळपर्यंत खडकांवर आणि झाडांच्या खोडांवर चढलेली दिसते. युरोपातल्या आयव्हीची फळं पिकल्यावर काळी होतात, हिमालयातल्या आयव्हीची पिवळसर-नारिंगी.

दुरंगी पानांच्या जातींत ‘ग्लेशियर’ सर्वांत जास्त दिसते. तिचं पान राखी-हिरवं, कडा दुधी पांढरी. ‘गोल्डचाइल्ड’ची कडा सोनेरी पिवळी असते. ‘इव्हा’ आणि ‘कोलिब्री’ यांची पानं लहान आणि पांढरट. ‘लिटिल डायमंड’चं पान बहुधा शंकरपाळ्याच्या आकाराचं असतं, ती पसरतेही कमी. टेबलावर ठेवायला ती उत्तम.

विकत घेताना दोन खुणा पाहा. पान चामड्यासारखं जाडसर आणि साधारणपणे तीन ते पाच टोकांचं असावं. वेलीच्या पेरांजवळ बारीक, ब्रशच्या केसांसारखी हवाई मुळं दिसावीत. ‘आयव्ही’ या नावानं दुसऱ्याही वेली विकल्या जातात, त्यांची निगा वेगळी असते. पान उलटं करूनही बघा. खालच्या बाजूला जाळं, ठिपके किंवा कापसासारखे पुंजके असतील तर ते रोप कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

पांढऱ्या रंगाची किंमत

दुरंगी पान आपल्याला देखणं वाटतं. वेलीला मात्र त्याची किंमत मोजावी लागते. पानाच्या हिरव्या भागात हरितद्रव्य असतं आणि त्याच्या बळावर झाड सूर्यप्रकाशातून आपलं अन्न तयार करतं. पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतंच. म्हणजे घरात माणसं तेवढीच, पण कमावणारे हात निम्मे!

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, दुरंगी आयव्ही साध्या हिरव्या आयव्हीपेक्षा सावकाश वाढते. तिला खत आणि पाण्याचा मारा करून घाई करू नये. दुसरी, तिला उजेड जास्त लागतो. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली तर दोन पानांमधलं अंतर वाढतं, वेल लांबट आणि विरळ होते आणि नवी पानं हिरवट निघू लागतात. तिसरी, पांढरा भाग कडक उन्हात लवकर करपतो. उजेड हवा, पण दुपारचं ऊन नको, असा हा मामला आहे.

जागा कुठली?

पूर्वेकडची खिडकी सर्वांत चांगली. सकाळचं कोवळं ऊन तास-दोन तास मिळालं की पुरतं. उत्तरेची खिडकी मोठी आणि मोकळी असेल तर तीही चालते. दक्षिण आणि पश्चिमेकडे पातळ पडदा हवा. टीव्ही किंवा फ्रिजच्या डोक्यावर कुंडी ठेवायची सवय असते, ती मोडावी. तिथे उष्णता असते आणि बहुधा उजेडही नसतो.

आयव्हीला सर्वांत मानवतं ते १० ते २२-२३ अंश सेल्सियस तापमान. पारा तिशीच्या वर राहू लागला की तिची वाढ मंदावते. म्हणून प्रत्येक शहराचा हिशेब वेगळा.

बेंगळुरू, पुणे, नाशिक, बेळगाव इथे रात्री बऱ्यापैकी थंड असतात. तिथे थोडी काळजी घेतली की ती वर्षानुवर्षं राहते. दिल्ली, इंदूर, भोपाळ इथला हिवाळा तिला फार आवडतो. डिसेंबर-जानेवारीत बाल्कनीतलं ऊनही तिला बाधत नाही. मे-जूनमधली लू मात्र तिचा जीव घेते. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. तिथे तिला एप्रिलमध्येच घराच्या आत घ्यावं. कूलर असलेली खोली तिला फार मानवते, कारण हवा गारही असते आणि दमटही. फक्त कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. एअरकंडिशनरची हवा गार असली तरी कोरडी असते. तिथे किडीचा धोका वाढतो.

मुंबई, गोवा, चेन्नई अशा किनारपट्टीच्या शहरांत अडचण आहे ती उकाड्याच्या रात्रींची. तिथे ही वेल नोव्हेंबरमध्ये आणावी. थंडीचे तीन-चार महिने ती छान दिसेल. पुढचा उन्हाळा तिला कसाबसा काढावा लागेल, हे आधीच समजून घ्यावं. मार्च-एप्रिलमध्ये महागडी, भरगच्च टांगती कुंडी विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

कोरड्या हवेच्या गावांत आपल्या माठाचीच युक्ती वापरता येते. मातीच्या मोठ्या कुंडीत आयव्हीची छोटी मातीची कुंडी ठेवा. मधल्या जागेत वाळू भरा आणि फक्त ती वाळू ओली ठेवा. ओल उडून जाताना कुंडी गार राहते. मोठ्या कुंडीच्या तळाला भोक हवंच. मुंबईसारख्या दमट हवेत मात्र या युक्तीचा फारसा उपयोग होत नाही.

कुंडी आणि माती

छोट्या आयव्हीला चार ते सहा इंचांची कुंडी पुरते. ‘पुढे वाढेल’ म्हणून मोठी कुंडी घेऊ नये. जास्तीच्या मातीत पाणी साठून राहतं आणि मुळं तिथवर पोचतच नाहीत. मातीची कुंडी प्लॅस्टिकपेक्षा बरी, कारण तिच्या बाजूंनीही ओल उडते.

मिश्रण असं करा : दोन वाट्या बागेची भुसभुशीत माती, एक वाटी कोकोपीट, एक वाटी चांगलं कुजलेलं पाल्याचं खत किंवा गांडूळखत आणि एक वाटी भरड वाळू. काळी, चिकट माती असेल तर वाळू दीड वाटी घ्या. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा उपडा ठेवा. पाणी घातल्यावर ते अर्ध्या मिनिटात खालून ठिबकू लागलं, तर मिश्रण जमलं असं समजावं.

नर्सरीच्या एका कुंडीत बहुधा चार-पाच कलमं एकत्र लावलेली असतात, म्हणून ती भरगच्च दिसते. आणल्याआणल्या ती उपसून वेगळी करू नका. दोन आठवडे तिला घराच्या हवेची सवय होऊ द्या. कुंडी बदलायचीच असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा.

पाणी किती?

घड्याळ बघून पाणी घालू नये. बोट मातीत पेराएवढं खुपसावं. वरची इंचभर माती कोरडी लागली तरच पाणी द्यावं आणि मग मात्र खालून निथळेपर्यंत द्यावं. ताटलीत साठलेलं पाणी पंधरा-वीस मिनिटांनी ओतून टाकावं. हात बसला की कुंडी नुसती उचलूनही अंदाज येतो. कोरडी कुंडी हलकी लागते.

पानं कोरडी, कुरकुरीत झाली आणि माती भिंतीपासून सुटली, तर पाणी कमी पडलंय. पण माती ओली असूनही पानं मलूल पडली किंवा काळपट झाली, तर पाणी जास्त झालंय. नेमक्या याच वेळी लोक आणखी पाणी घालतात! अशा वेळी कुंडी उपडी करून मुळं पाहा. निरोगी मुळं पांढरट आणि घट्ट असतात. काळी, मऊ, वास येणारी मुळं कापून टाका आणि वेल नव्या, कोरडसर मिश्रणात लावा. शिवाय वेलीच्या शेंड्यांची दोन-चार कलमं लगेच करून ठेवा. मूळ झाड गेलं तरी वंश राहील.

खत हिवाळ्यात आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात महिन्यातून एकदा पुरे. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ हे खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात द्यावं. कडक उन्हाळ्यात खत बंद. थकलेल्या झाडाला पंचपक्वान्नं पचत नाहीत.

लाल कोळी, खरा वैरी

आयव्हीला सर्वांत जास्त छळणारी कीड म्हणजे कोळी. ती इतकी बारीक असते की डोळ्यांना सहसा दिसत नाही. उष्ण आणि कोरड्या हवेत तिची वीण झपाट्यानं वाढते. हिरव्या पानावर बारीक फिकट ठिपके लगेच कळतात. दुरंगी पानावर ते रंगातच लपतात, म्हणून इथे जास्त सावध राहावं लागतं.

दर रविवारी एक सोपी तपासणी करा. पांढऱ्या कागदावर वेल हलकेच झटका. कागदावर पडलेले धुळीसारखे कण चालू लागले, तर ती धूळ नव्हे. लगेच ती कुंडी इतर झाडांपासून दूर ठेवा. मातीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि वेल आडवी धरून नळाच्या धारेखाली पानांच्या खालच्या बाजू नीट धुवा. आठवड्यातून एकदा असं तीन-चार आठवडे करावं. धुऊन भागलं नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि द्रव साबणाचे काही थेंब घालून, आधी एक-दोन पानांवर करून बघून, संध्याकाळी फवारावं.

आंघोळ सकाळी घालावी, म्हणजे पानं दिवसभरात सुकतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, पानं रात्रभर ओली राहिली की त्यांवर पाणचट, पिवळ्या कडेचे काळपट डाग पडतात. हा जिवाणूंचा रोग आहे. डागाळलेली पानं खुडून टाका, वेल पावसाच्या झडीपासून आत घ्या आणि कुंड्यांमध्ये अंतर ठेवा. पिठ्या ढेकूण दिसले तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यानं पुसून काढावेत.

हिरव्या फांदीचा मोह नको

कधी कधी दुरंगी वेलीतून एखादी संपूर्ण हिरवी फांदी निघते. ती जोमदार असते, भराभर वाढते. पाहणाऱ्याला आनंद होतो, ‘झाड सुधारलं!’ पण तिच्या सर्व पानांत हरितद्रव्य असल्यामुळे ती इतर फांद्यांना मागे टाकते आणि वर्षभरात संपूर्ण कुंडी हिरवी होऊ शकते. अशी फांदी दिसताक्षणी, जिथून ती फुटली तिथपर्यंत कापावी.

याच्या उलट एखादी फांदी पूर्ण पांढरी निघते. ती दिसते सुंदर, पण स्वतःचं अन्न करू शकत नाही, बाकीच्या वेलीवर जगते. एखादी ठेवायला हरकत नाही. चार-पाच झाल्या तर छाटाव्यात. आणि तिचं कलम करायचा प्रयत्न करू नये, ते जगत नाही.

दाट कुंडी हवी असेल तर लांबलेल्या वेलींचे शेंडे अधूनमधून खुडा. खुडलेल्या जागेच्या खालून नवे फुटवे येतात.

उन्हाळ्याआधीचा विमा

आयव्हीची रोपं करणं सोपं आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत चार-पाच इंचांचे, पानांवर दोन्ही रंग नीट असलेले शेंडे कापा. खालच्या दोन पेरांची पानं काढा आणि ती पेरं ओलसर कोकोपीट-वाळूच्या मिश्रणात खोचा. चार इंचांच्या कुंडीत तीन-चार शेंडे लावावेत. वरून पारदर्शक पिशवी सैलसर घाला, रोज दहा मिनिटं काढून हवा लागू द्या. तीन ते पाच आठवड्यांत मुळं फुटतात. दुरंगी जातींना थोडा जास्त वेळ लागतो, धीर धरा. पाण्याच्या बाटलीतही मुळं फुटतात, मात्र ती इंचभर झाली की लगेच मातीत लावावीत.

दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास अशा दोन कुंड्या तयार कराव्यात. एक स्वतःसाठी, दुसरी जरा गार गावात राहणाऱ्या बहिणीला किंवा मैत्रिणीला वाणात द्यावी. उन्हाळ्यात आपली वेल गेलीच, तर तिच्याकडून पुन्हा शेंडे आणता येतात.

घरात लहान मूल असेल तर

ही गोष्ट नर्सरीत सहसा कुणी सांगत नाही. आयव्हीची पानं आणि फळं पोटात जाणं चांगलं नाही. त्यांत सॅपोनिन जातीची द्रव्यं असतात. पान चघळलं तर तोंडाची आग, लाळ गळणं, उलट्या, जुलाब असा त्रास होऊ शकतो. कुत्र्या-मांजरांनाही ते बाधतं. रांगतं मूल किंवा पाळीव प्राणी घरात असेल तर आयव्ही टांगत्या कुंडीतच ठेवावी, लोंबणाऱ्या वेली हाताला येणार नाहीत इतक्या छाटाव्यात आणि गळलेली पानं रोज उचलावीत. मुलानं पान खाल्लंच, तर तोंडातले तुकडे काढून चूळ भरायला लावा, मुद्दाम उलटी करवू नका आणि एक पान सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

आयव्हीच्या रसात फाल्कॅरिनॉल नावाचं द्रव्यही असतं. त्यानं काहींच्या हाताला खाज सुटते, पुरळ येतं. छाटणी करताना हातमोजे घालावेत, नंतर हात साबणानं धुवावेत.

खोकल्याच्या काही औषधांवर आयव्हीच्या पानांचा अर्क असल्याचं छापलेलं असतं. ते वाचून कुंडीतल्या पानांचा काढा करण्याचा विचार कुणाच्या मनात येऊ शकतो. तसं चुकूनही करू नये. औषधातला अर्क ठराविक पद्धतीनं काढलेला आणि मोजून घातलेला असतो. घरच्या काढ्यात किती काय उतरलं, याचं माप नसतं.

हवा शुद्ध करते का?

‘ही वेल घरातली हवा शुद्ध करते, नासानंच सांगितलंय,’ असं सांगून आयव्ही विकली जाते. त्यात अर्धं खरं आहे. नासानं १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातल्या प्रयोगांत आयव्ही होती आणि बंद पेटीतल्या हवेतलं बेंझिनसारखं द्रव्य कमी झालं होतं. पण घर म्हणजे बंद पेटी नव्हे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा जुन्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. इमारतीत एरवी हवा खेळती राहिल्यानं जेवढी सफाई होते, तेवढी झाडांकडून करून घ्यायची तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असं त्यांना आढळलं. हवा स्वच्छ हवी तर खिडकी उघडा. आयव्ही डोळ्यांच्या सुखासाठी आणा.

थंड हवेच्या गावी राहणाऱ्यांसाठीही एक सूचना. आयव्ही तिथे कुंडीतच ठेवावी, जंगलाच्या कडेला जमिनीत लावू नये. अमेरिकेच्या वायव्य भागात बागेतून सुटलेली आयव्ही जंगलांत तणासारखी पसरली आणि ती उपटून काढताना लोकांना घाम फुटला. जुन्या, भेगा पडलेल्या भिंतीवरही ती चढवू नये, तिची मुळं भेगांत शिरतात.

रोज तांब्याभर पाणी घालणं सोपं असतं. आठवड्यातून एकदा पान उलटून बघणं, बोटानं ओल तपासणं आणि उन्हाळा लागण्याआधी कुंडीची जागा बदलणं, याला आठवण ठेवावी लागते. दुरंगी आयव्हीला लाड नकोत, लक्ष हवं. येत्या रविवारी सकाळी चहा झाला की तुमच्या खिडकीतल्या वेलीचं एक पान उलटं करून बघाच.